तटाचा मुकुट उतरवा!

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक नवीच हौस बोकाळली आहे. गावाच्या शिवेवर स्वागताची कमान उभारायची ठरली की तिला दोन बाजूंना दोन बुरूज हवेत. मंगल कार्यालयाच्या फाटकाला चर्या हव्यात. पतसंस्थेच्या पासबुकावर तट हवा, क्रिकेटच्या संघाच्या झेंड्यावर तट हवा आणि बालवाडीच्या दप्तरावरही तट हवा. या बुरुजांत दगड नाही आणि चुनाही नाही. विटेवर गिलावा, गिलाव्यावर काळा रंग, रंगावर पांढऱ्या रेघा मारून दगडाचे सोंग आणलेले. काही बुरूज तर इतके पोकळ असतात की बोटाने वाजवले तर रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखे बोलतात. पहिल्या पावसाळ्यात त्यांचे पापुद्रे निघतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या जंग्यांतून पारवे ये-जा करू लागतात.

पारव्यांची सोय झाली याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती एका बोधचिन्हावरून सुरू झाली. आमच्या भागातल्या एका संस्थेने आपल्या शाळांसाठी नवे चिन्ह करवून घेतले. मध्ये ढाल, ढालीत उघडे पुस्तक, दोन्ही बाजूंना उसाची दोन कांडी. इथवर सारे ठीक होते. पण ढालीच्या डोक्यावर तीन बुरुजांचा, चर्या असलेला एक मुकुट होता. चिटणीस मला म्हणाले, “गुरुजी, परदेशातल्या मोठमोठ्या शहरांच्या चिन्हांवर असाच मुकुट असतो. भारदस्त दिसतो. तुम्ही फक्त खाली शोभेलसे एखादे वचन सुचवा.” मी म्हणालो, “वचन देतो, पण मुकुट उतरवा.” त्यांनी मुकुट ठेवला आणि वचन दुसऱ्याकडून घेतले. तो त्यांचा अधिकार होता. पण त्यानंतर गावात असा बोलवा झाला की गुरुजींना गडकिल्ल्यांचे वावडे आहे. ते तसे नाही, आणि तरीही तो मुकुट का नको, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. माझ्याजवळ पदवी नाही, मी इतिहासकार नाही. चार कादंबऱ्या लिहिलेला एक मास्तर आहे. पण मुले ज्या खिशावर ते चिन्ह शिवून शाळेत येतात, तो खिसा मी रोज पाहतो. म्हणून मला बोलण्याचा थोडाफार हक्क आहे, असे मी समजतो.

प्रथम हा तटाचा मुकुट आला कुठून ते पाहू. याचे मूळ रोमन फौजेत आहे. शत्रूच्या शहराला वेढा पडला, शिड्या लागल्या, आणि जो शिपाई सर्वांच्या आधी तट चढून आत उतरला त्याला सेनापती सोन्याचा मुकुट देई. त्या मुकुटाच्या कडेला तटाच्या चर्या कोरलेल्या असत. इ.स.पूर्व २०९ मध्ये स्किपिओ या सेनापतीने स्पेनमधले नवे कार्थेज जिंकले, तेव्हा या मुकुटासाठी दोन दावेदार पुढे आले: एक पायदळातला, एक आरमारातला. दोघांच्या पाठीराख्यांत इतकी जुंपली की जिंकलेली फौज आपापसांतच मारामारीवर येते की काय, असे झाले. शेवटी स्किपिओने दोघेही एकाच क्षणी तट चढले असा निवाडा दिला आणि दोघांनाही मुकुट घातला. आपल्याकडच्या पंचांनाही हा निवाडा पसंत पडावा!

पण या गमतीत एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. हा मुकुट शहराचा नव्हे. शहर ज्याने फोडले त्याचा. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्याच्या कड्यावर रात्री चढून जाणाऱ्या तानाजीच्या माणसांना रोमन हिशेबाने असे मुकुट मिळाले असते. ते त्यांना शोभलेही असते, कारण त्यासाठी त्यांनी रक्त सांडले होते. पण जे गाव कोणाच्या तटावर चढले नाही, आणि ज्याच्या तटावर कोणी चढले नाही, त्याने तो कोणत्या नात्याने घालायचा?

याला उत्तर आहे, आणि विरोधकांची बाजू लपवून वाद जिंकण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून ते मीच देतो. ग्रीक लोकांनी शहराची देवता कल्पिली आणि तिच्या मस्तकावर त्या शहराचाच तट मुकुट म्हणून चढवला. सीरियातल्या अंत्युखिया नगरीची अशी मूर्ती फार प्रसिद्ध होती. ही कल्पना आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊनही गेली. पेशावरजवळच्या पुष्कलावतीच्या एका जुन्या सोन्याच्या नाण्यावर नगरदेवता आहे, तिच्या हातात कमळ आहे आणि डोक्यावर तटाचा मुकुट आहे. दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल आहे. पुढे कमळ आपल्याकडे राहिले, बैल राहिला, मुकुट मात्र राहिला नाही. आपल्या ग्रामदेवतांकडे पाहा. कोणाच्या हातात त्रिशूळ आहे, कोणाच्या हातात परडी आहे, कोणी नुसताच शेंदूर फासलेला तांदळा आहे. पण गावाची वेस डोक्यावर घेतलेली देवता मी अजून पाहिलेली नाही.

युरोपात मात्र तो मुकुट टिकला आणि पुढे त्याला एक नवा, चांगला अर्थही आला. तिथल्या जुन्या शहरांचा तट नागरिकांनी स्वतः वर्गणी काढून बांधलेला असे, आणि रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्याही तेच करीत. जर्मन मुलखात म्हणच होती की शहराची हवा माणसाला मोकळे करते. एखाद्या जमीनदाराचा कुळवाडी दास पळून शहरात आला आणि एक वर्ष व एक दिवस तिथे राहिला, तर तो दास उरत नसे. म्हणजे तिथे तट हा स्वातंत्र्याचा तट होता. म्हणूनच १९१९ मध्ये ऑस्ट्रियाने बादशाही मोडून गणराज्याचे चिन्ह केले, तेव्हा गरुडाच्या एका पायात शेतकऱ्याचा विळा आणि दुसऱ्या पायात कामगाराचा हातोडा दिला, आणि डोक्यावर नागरिकांची खूण म्हणून तटाचा मुकुट घातला. स्पेननेही १९३१ मध्ये राजा गेल्यावर राजमुकुट काढून त्या जागी तटाचा मुकुट बसवला. ज्यांच्या वाडवडिलांनी तो तट स्वतःच्या हाताने बांधला आणि ज्यांना त्या तटाने मोकळे केले, त्यांच्या डोक्यावर तो शोभतो. मी त्यांना नमस्कार करतो.

पण तोच मुकुट आपल्या शेजारी गोमंतकात कसा आला, तेही पाहा. पोर्तुगालने १९३० मध्ये आपल्या गावांच्या चिन्हांसाठी नियम घालून दिले. खेड्याला तीन बुरूज, कसब्याला चार, शहराला पाच. शहराचे बुरूज चांदीचे, आणि लिस्बन राजधानीचे तेवढे सोन्याचे. म्हणजे कोणाची लायकी किती, ते बुरूज मोजून सांगायचे! मग १९३५ मध्ये वसाहतींनाही चिन्हे वाटण्यात आली. हिंदुस्थानातल्या त्यांच्या मुलखाच्या चिन्हात संत कॅथरिनचे चाक घातले, कारण १५१० च्या २५ नोव्हेंबरला, त्या संतिणीच्या सणाच्या दिवशी, आल्बुकर्कने गोवा घेतला होता. त्या चाकावर तिचा छळ करण्याचे ठरले होते अशी कथा आहे. आणि या चिन्हाच्या डोक्यावर होता पाच बुरुजांचा मुकुट! मुकुट घालणाऱ्यांनी ज्यांना तो घातला त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते. हा मुकुट पुन्हा मूळच्या रोमन अर्थावर गेला होता: तट चढून आत आलेल्याचा मुकुट. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि तो मुकुट उतरला.

इंग्रजांनीही हेच केले, जरा गोडीने. १८७७ च्या दिल्ली दरबारात लिटन साहेबाने संस्थानिकांना भरजरी निशाणे वाटली. त्यांवरची ढालचिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने विलायती शास्त्राप्रमाणे काढून दिली होती. ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या जरीपटका, मोर्तब आणि नौबत होती, त्यांनी ढाली आणि शिरस्त्राणे मान लववून घेतली. तेव्हापासून आपल्या मनात असे बसले आहे की चिन्ह म्हणजे ढाल, आणि ढालीवर काहीतरी विलायती वजन ठेवल्याशिवाय तिला भारदस्तपणा येत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आपल्याकडे तट कोणाचे होते? डोंगरावरचे राजाचे आणि गावातले सरदाराचे. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. तो बुरुजबंद आहे, देखणा आहे, आणि मी तो विद्यार्थ्यांना हौसेने दाखवतो. बाबूजी नाईक मोठे सावकार. बाजीरावाच्या मागे १७४० मध्ये पेशवाईची वस्त्रे आपल्याला मिळावीत म्हणून त्यांनी खटपटही केली. पण बारामतीचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत गेले ते त्या बुरुजांमुळे गेले काय? ते गेले त्यांच्या आश्रयाला राहिलेल्या एका पुराणिकामुळे. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यावर झाला, म्हणजे महाराष्ट्रातल्या एका बळकट तटाच्या आत. पण त्यांच्या आर्या झाल्या त्या इथे, कऱ्हेकाठी, आणि १७९४ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही इथेच. बुरुजांनी सावली दिली हे खरे, पण गाव लोकांच्या लक्षात राहिले ते आर्यांनी.

इंदापूरची गोष्ट घ्या. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. पुणे, सुपे आणि इंदापूर हा पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचा मुलूख. त्यातले सुपे आमच्याच तालुक्यात आहे. १६३० च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले, कसब्यावर गाढवांचा नांगर फिरवला आणि जागेला शाप म्हणून पहार रोवली, असे सांगतात. मग जिजाऊसाहेब आणि बालशिवाजी तिथे आले. त्यांनी पहिले काम कोणते केले? परंपरा सांगते की त्यांनी सोन्याच्या फाळाचा नांगर धरला. मोडलेल्या गावाला पुन्हा गाव करण्यासाठी नांगर पुरला, आणि नांगरामागून माणसे आली. मुंबईची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेल्या फ्रेअरने तिथल्या कोटाचा तट पाडायला घेतला, आणि तट पडल्यावरच ती नगरी मोकळेपणी हातपाय पसरू लागली. आता त्या तटाचे फक्त ‘फोर्ट’ हे नाव तिथे नांदते आहे.

पण हे सारे झाले शहरांचे आणि सरदारांचे. माझा खरा आक्षेप अजून पुढेच आहे, आणि सणाच्या दिवसांत तो काढताना माझा हात जड होतो. तरी काढतो.

आपल्या खेड्यालाही एक तट होता. त्याला आपण गावकूस म्हणतो. पांढरीच्या मातीचे ते कूस, त्याला वेस, वेशीला दरवाजा. आत पाटील, कुलकर्णी, कुणबी, बारा बलुतेदारांपैकी बहुतेक, आणि बाहेर? ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आपल्या भाषेत उगीच आलेला नाही. तो शब्द कानी पडताच कोणत्या वस्तीबद्दल बोलणे चालले आहे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. युरोपातल्या तटाने पळून आलेल्या दासाला आत घेऊन मोकळे केले. आपल्या कुसाने आपल्याच माणसाला बाहेर ठेवून बांधले. आणि यातला क्रूर विनोद असा की त्या वेशीची राखण कोणाकडे होती? वेसकराकडे. आणि वेसकर कोण, तर महार. रात्री दरवाजा लावायचा त्याने, थंडीवाऱ्यात शेकोटीजवळ बसून पहारा करायचा त्याने, चोराचा माग काढायचा त्याने, सरकारी सांगावा घेऊन धावायचे त्याने; आणि ज्यांना राखले ती माणसे उजाडताच त्याची सावली चुकवायची. या वतनाच्या दाव्यातून आपली माणसे सुटावीत म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणले. प्रत्यक्षात ही कनिष्ठ गाववतने मोडली ती १९५८ च्या कायद्याने. मध्ये तीस वर्षे गेली.

आता माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांचा विचार करा. त्यांतल्या काहींचे पणजोबा त्या कुसाच्या आत निजत होते, आणि काहींचे पणजोबा त्याच कुसाच्या बाहेर बसून त्यांची राखण करीत होते. दोघांच्याही पोरांच्या छातीवर आपण तोच तट मुकुट म्हणून शिवणार! एखाद्या पोराने विचारले, “गुरुजी, या तटाच्या आम्ही आतले का बाहेरचे?” तर मी काय सांगू? चिन्ह काढणाऱ्याच्या मनात यातले काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. त्याने एक सुबक विलायती आकार उचलला आणि बसवला. पण माझी तक्रार नेमकी हीच आहे. गावाच्या नावाने जे चिन्ह मिरवायचे त्यात गावाचा विचारच नसावा, हे काय?

यावर म्हटले जाईल, “अहो, पण महाराष्ट्र हा गडांचा देश! २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतली जिंजी. साऱ्या जगाने ज्यांचा गौरव केला, ते आपण चिन्हावर का मिरवू नयेत?” गौरव झाला याचा मला कोणाहूनही कमी आनंद नाही. पण मी एकच विचारतो: ज्याने ते गड बांधले, राखले, लढवले, त्याने स्वतःच्या मुद्रेत काय कोरले? ज्या पुरुषाच्या पदरी गडांची रांगच्या रांग होती, त्याच्या राजमुद्रेत एकही बुरूज नाही. तिथे प्रतिपदेची चंद्रकोर आहे, म्हणजे आज बारीक असून उद्या वाढणारी. तीही चितारलेली नाही, शब्दांतली आहे. आणि ही मुद्रा कशासाठी, तर लोकांच्या कल्याणासाठी, असे तिथे म्हटले आहे. गड हे साधन होते आणि कल्याण हे साध्य होते. साधन कमरेला असावे, साध्य मस्तकी असावे, हे त्या राजाला नीट कळत होते. कळत नाही ते त्याच्या नावाने गिलाव्याचे बुरूज रंगवणाऱ्यांना.

आणि किल्ल्यांचे म्हणाल, तर या आठवड्यात घरोघरी अंगणात पोरे किल्ले करीत असतील. माती कालवून, विटा रचून, अळीव पेरून, वर चित्रे मांडून. त्या किल्ल्यापुढे मी जोडे काढून उभा राहतो, कारण तो त्या पोरांनी स्वतःच्या हातांनी केलेला असतो. ओढ्याची माती एकाने आणलेली, गोणपाट दुसऱ्याने, मावळे तिसऱ्याने. त्यात आतला-बाहेरचा असा भेद मी तरी अजून पाहिला नाही. ज्याचे हात चिखलात, तो आतला. मोठ्यांचे किल्ले असे असते तर मी ही लेखणी उचललीच नसती.

“मग गुरुजी, तुम्हीच सांगा, काय घालावे?” हेही विचारले जाईल, आणि विचारणे रास्त आहे. मोडणाऱ्याने जोडण्याचेही सांगावे. आमच्या बारामती-इंदापूरच्या भागाला जगवले कोणी, ते पाहा. हा पर्जन्यछायेचा मुलूख. १८७६-७७ च्या दुष्काळात इथल्या माणसांची आणि जनावरांची काय दैना झाली, त्याच्या कहाण्या जुनी माणसे सांगत आली आहेत. नीरेच्या डाव्या कालव्याची योजना त्याच दुष्काळाच्या पाठीवर आली, आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी खेळू लागले. कालवा खणणाऱ्यांत कुसाच्या आतले होते आणि बाहेरचेही होते. पोटाला लागलेल्या आगीने दोघांना एका ओळीत उभे केले आणि दोघांच्या हाती कुदळ दिली. ज्या उसाची कांडी त्या चिन्हात आहेत, तो ऊस त्या पाण्याचा. मग डोक्यावर पाण्याची एक रेघ का नको? कुदळ का नको? नांगराचा फाळ का नको? गावाने गावासाठी केलेले काम दाखवील अशी कोणतीही वस्तू चालेल. ती भारदस्त दिसत नाही म्हणता? मग भारदस्तपणाची आपली व्याख्याच तपासायला हवी.

आणि यातले काहीच मनास येत नसेल, तर फार लांब जाऊ नका. आपल्या महाराष्ट्र राज्याची मुद्रा पाहा. तिच्यात मध्ये समई आहे, भोवती कमळाच्या पाकळ्या आहेत, आणि शिवरायांच्या मुद्रेतलेच शब्द राज्याच्या नावाने फिरवून लिहिले आहेत. गोमंतकाकडे पाहा. ज्याच्या डोक्यावर परक्याने पाच बुरूज ठेवले होते, त्या गोव्याने स्वतःचे राज्यचिन्ह केले तेव्हा दोन हातांनी जपलेला दीप घेतला आणि सर्वांचे भले होवो अशी प्रार्थना त्याभोवती घातली. दोन्ही राज्यांना आपले म्हणून काही निवडायचे होते, आणि दोघांनीही दिवा निवडला.

दिवाळीत हे वेगळे सांगायला नकोच. तट बांधला की आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवावे लागते. दिवा उंबऱ्यावर ठेवला की घरातही उजेड पडतो आणि रस्त्यावरही पडतो. कोणाच्या वाटेवर पडायचे आणि कोणाच्या नाही, हे त्याला विचारता येत नाही. तेव्हा ज्यांच्या हाती चिन्हे ठरवण्याचा अधिकार आहे, त्या सर्व नगरसेवकांना, सरपंचांना, चिटणिसांना आणि चेअरमनसाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे: पोरांच्या डोक्यावरचा तो मुकुट उतरवा. आणि गावाच्या डोक्यावर काही ठेवायचेच असेल, तर जे साऱ्या गावाने मिळून उचलले आहे तेच ठेवा.